बाटलीवरून स्वभाव?
'सीके वन परफ्यूम लावणारी माणसं मोकळ्या स्वभावाची असतात' हे कुणीतरी केलेलं विधान काही पटलं नाही बुवा. १९९४ साली तो बाजारात आला तेव्हा जाहिरातींनीच तशी प्रतिमा उभी केली. ती अजून उतरलेली नाही, इतकंच. त्यातली युनिसेक्सची, म्हणजे बायका-पुरुष दोघांसाठी एकच सुगंध, ही कल्पनाही तेव्हाची नव्हे. गेर्लां या फ्रेंच कंपनीचा १८८९ चा परफ्यूम 'जिकी' दोघंही लावत आलेत.

शिवाय सुरुवातीचा लिंबू-बर्गमॉटचा झोत थोड्याच वेळात विरतो. मागे राहते ती अंगालगतची, हलकी कस्तुरीची छटा, आणि ती अगदी नाक जवळ नेल्याशिवाय कळत नाही. त्यावरून स्वभाव कोण ओळखणार?

माझ्या एका घुम्या, महाकंजूष सहकाऱ्याला रोज हाच लागतो. मनगटावर मोजून दोन फवारे. तिसरा मागून बघा!