नीरो, आग आणि फिडल

असं म्हणतात की रोम जळत होतं आणि तिथला सम्राट नीरो फिडल, म्हणजे व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवत बसला होता. मीही लहानपणापासून हेच ऐकत आलोय, पण ते खरं नाही. फिडल तेव्हा नव्हतंच. तो वाजवायचा ते किथारा, आपल्याकडच्या वीणेसारखं तारांचं वाद्य.

इ.स. 64 च्या जुलैत सर्कस मॅक्सिमस ह्या रथशर्यतींच्या मैदानाजवळच्या दुकानांतून आग भडकली, तेव्हा तो अँटियमला होता, रोमपासून पन्नासेक किलोमीटरवर. इतिहासकार टॅसिटसला नीरोबद्दल अजिबात प्रेम नव्हतं. तरी तोच लिहितो की नीरोने परतून बेघरांसाठी स्वतःच्या बागा खुल्या केल्या, ऑस्टिया बंदराहून धान्य आणवलं, त्याचा भाव उतरवला. शहराच्या 14 विभागांपैकी फक्त 4 शाबूत राहिले होते. रोम जळताना नीरो प्राचीन ट्रॉय शहराच्या नाशाचं गाणं गात होता, ही गोष्ट टॅसिटस अफवा म्हणून नोंदवतो. दुसरा इतिहासकार सुएटोनियस मात्र घडलंच असं सांगतो.

अफवा टिकली ती पुढच्या वागण्यामुळे. जळालेल्या जागेवर त्याने स्वतःसाठी सोनेरी महाल उठवला. आणि आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालून त्यांना हालहाल करून मारलं, रात्री उजेडासाठी जिवंत जाळलं. ह्या क्रौर्याबद्दल त्याला माफी नाहीच.