चीनच्या अवॅक्स विमानांवर अर्ध्या तासाचं व्याख्यान : कुठलं विमान मध्यभागी ठेवू?

ढगफुटी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा मला अर्धा तास मिळालाय. चीनने अवॅक्स विमानं, म्हणजे रडार पाठीवर घेऊन लांबूनच शत्रूची विमानं हेरणारी विमानं, कशी उभी केली, हा विषय मीच सुचवला आणि आता मलाच घाम फुटलाय. डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे रडारची भीती नाही. पण केजे-१, केजे-२०००, केजे-२००, केजे-५००, केजे-६००, वर परत केजे-३०००, एवढी यादी वाचली की पुढच्या रांगेतले काका घोरायला लागणार.

म्हणून एकच विमान धरून बोलायचं आणि बाकीची त्याच्या अनुषंगाने आणायची, असं ठरवलंय. माझा कल केजे-२००० कडे आहे. तुम्ही कुठलं घ्याल? फोटो कुठून मिळतील? श्रोत्यांत निवृत्त शिक्षक, बँकवाले आणि बारावीची पोरं असतात. "आपल्याकडे काय आहे?" हा प्रश्न तर येणारच येणार.

मनमाड_जंक्शन
केजे-२०००च घ्या, डोळे झाकून. गोष्ट तयार आहे. नव्वदच्या दशकात चीनने इस्रायलकडून फाल्कन रडार घ्यायचं ठरवलं, रशियन इल्युशिनच्या सांगाड्यावर बसवून. एका विमानाचे सुमारे २५ कोटी डॉलर. काम पुढे गेलं आणि अमेरिकेने डोळे वटारले. जुलै २००० मध्ये, अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायल-पॅलेस्टाईन शांततेची बोलणी चालू असतानाच, इस्रायलचे पंतप्रधान एहूद बराक यांनी सौदा मोडला. पुढे इस्रायलने चीनला ३५ कोटी डॉलर भरपाई दिली. रडार काढलेलं रिकामं विमान चीनला परत गेलं.

आणि २००३ मध्ये त्याच जातीच्या सांगाड्यावर चीनचं स्वतःचं रडार उडालं, तेच केजे-२०००. टाळ्या इथेच पडतील बघा.

जुना_ऑपरेटर
टाळ्या पडतील, पण विषय निम्म्यावर तुटेल. ताई, मी हवाई दलात रडारच्या पडद्यासमोर नोकरी केली आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

सुरुवात विमानाने करू नका, पृथ्वीच्या गोलाईने करा. जमिनीवर १० मीटर उंचीवर अँटेना आहे आणि शत्रूचं विमान १०० मीटरवरून येतंय. ते साधारण ५५ किलोमीटरवर आल्याशिवाय दिसणारच नाही, मग रडार कितीही ताकदीचं असो. तोच अँटेना ९००० मीटरवर नेला तर तेच विमान ४०० किलोमीटरच्या पलीकडूनही दिसतं. फळ्यावर एक कमान आणि दोन रेघा काढल्या की बारावीची पोरं सूत्र स्वतःच मांडतील.

मग दुसरी अडचण. वरून खाली बघितलं की डोंगर, झाडं, समुद्राच्या लाटा सगळेच सिग्नल परत पाठवतात. लग्नाच्या बँडसमोर उभं राहून कुणाची कुजबुज ऐकण्यासारखं आहे ते. चीन पहिल्यांदा अडला तो इथेच. केजे-१ म्हणजे तुपोलेव्ह-४. स्टालिनच्या काळात रशियाने दिलेलं बॉम्बर, मूळ अमेरिकी बी-२९ ची नक्कल. त्याची पिस्टन इंजिनं काढून टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारी इंजिनं) बसवली, पाठीवर रडारची तबकडी चढवली आणि जून १९७१ मध्ये उडवलं. विमान उडालं, पण जमिनीच्या गोंगाटातून लक्ष्य वेगळं काढणं त्या काळच्या चिनी इलेक्ट्रॉनिक्सला जमलं नाही, आणि प्रकल्प गुंडाळला गेला. तेच विमान आज बीजिंगजवळ दातांगशानच्या संग्रहालयात उभं आहे. पर्यटकांनी काढलेले फोटो भरपूर मिळतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी केजे-५०० घेईन. केजे-२००० ला इल्युशिन-७६ लागतं, आणि ते चीन बनवत नव्हता. २००५ मध्ये चीनने रशियाशी इल्युशिनच्याच ३८ वाहतूक आणि टँकर (हवेत इंधन देणाऱ्या) विमानांचा करार केला. ती बनणार होती ताश्कंदच्या कारखान्यात आणि त्या कारखान्याला ती त्या भावात देणं झेपलं नाही. करार अडकला. म्हणजे रडार हातात आणि विमान दुसऱ्याच्या मर्जीवर! केजे-२००० हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली ती यामुळे.

केजे-५०० मध्ये त्यांनी हाच गुंता सोडवला. शान्शी प्रांतात हानचोंगला घरचंच वाय-९ वाहतूक विमान बनतं, चार टर्बोप्रॉप इंजिनांचं. दिसायला अगदीच साधं. रडार एवढं आटोपशीर केलं की ते त्याच्या पाठीवर मावलं. तबकडी फिरत नाही, आत त्रिकोणात अँटेनाचे तीन पट्टे, प्रत्येक १२० अंश बघतो. सप्टेंबर २०१५ च्या संचलनात ते जगासमोर आलं आणि त्यानंतर बनतच राहिलं. हवाई दलाला वेगळं, नौदलाला वेगळं, नंतर हवेत इंधन घेणारंही. रशियन सांगाड्याची वाट बघायची गरजच उरली नाही.

चष्मिष्ट
ऑपरेटर साहेबांशी सहमत, पण केजे-२०० ला इतकं सहज ओलांडू नका. वाय-८ या चिनी वाहतूक विमानाच्या पाठीवर रडारची लांबलचक तुळई, स्वीडनच्या एरीआय रडारसारखी. दोन्ही बाजूंना उत्तम दिसतं, नाक आणि शेपटीकडे आंधळं.

३ जून २००६ रोजी आन्हुई प्रांतात यातलं एक विमान कोसळलं आणि ४० जण गेले. त्यातले बरेचसे इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. सरकारी बातमीत "लष्करी वाहतूक विमान" एवढंच आलं. कारण सांगितलं गेलं ते पंखांवर बर्फ साचण्याचं. असं एक विमान पडलं की बरोबर वर्षानुवर्षांचा अनुभव जातो, तो पैशाने परत मिळत नाही. तरी कार्यक्रम थांबला नाही, हे मला केजे-२००० च्या नाट्याहून मोठं वाटतं.

आपल्याकडचा प्रसंग इथेच जोडा. ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ डीआरडीओचं अ‍ॅव्रो विमान पडलं, पाठीवर फिरती तबकडी असलेलं. आठ जण गेले, त्यात शास्त्रज्ञही होते. आपला प्रकल्प तिथे थांबला आणि नवी मंजुरी २००४ मध्ये आली. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवा आणि पुढे काही बोलू नका. लोक स्वतःच विचार करतील.

मनमाड_जंक्शन
हे जोडायला हरकत नाही. पण तुलना करताना जपून. त्यांच्याकडे एकाच वेळी दोन-तीन विमानांवर काम चालू होतं, एक पडलं तरी दुसरं हातात होतं. आपल्याकडे एकच होतं.

चष्मिष्ट
अहो, माझा मुद्दा तोच आहे!

स्वल्पविराम
मे २०२५ मध्ये पाकिस्तानने चिनी अवॅक्सच्या जोरावर काय केलं ते पण सांगा ना. सगळं चीनचंच होतं म्हणे.

जुना_ऑपरेटर
त्यासाठी वेगळा धागा काढा, राव. इथे एवढंच : पाकिस्तानचं मुख्य पूर्वसूचना विमान स्वीडिश आहे, साब-२००० वर एरीआय रडार. चीनने त्यांना झेडडीके-०३ अशी चार विमानं दिली होती, "काराकोरम ईगल" नावाची, आणि त्यांची तबकडी जुन्या पद्धतीने फिरणारी होती. स्वतः चीन तोवर न फिरणाऱ्या रडारवर गेला होता. गिऱ्हाइकाला काय द्यायचं आणि घरात काय ठेवायचं, यातला फरक ताईंना व्याख्यानात वापरता येईल. बाकी दाव्या-प्रतिदाव्यांत पडू नये, सभा हातची जाते.

नीलांबरी
बारावीच्या पोरांसाठी शेवटी केजे-६०० दाखवाच. विमानवाहू जहाजावरचं, दोन इंजिनं, मिटणारे पंख, अमेरिकेच्या हॉकआय या जहाजावरच्या रडार विमानाचा चुलतभाऊ शोभेल असं. उड्डाण २०२० चं. पण लिआओनिंग आणि शान्दोंग या आधीच्या दोन जहाजांवर पुढे वर वळलेला चढ आहे, कॅटापल्ट (विमानाला जोरात ढकलून उडवणारं यंत्र) नाही. तिथून असं जड आणि संथ विमान उडणं अवघड. फूजिआन जहाज विद्युतचुंबकीय कॅटापल्टसह आलं तेव्हाच याचा उपयोग झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या जहाजावरून ते उडतानाची चित्रफीत चीननेच प्रसिद्ध केली. इलेक्ट्रॉनिक्स शिकवताय, तर कॅटापल्टवर दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

फोटोंसाठी जपानच्या संयुक्त स्टाफच्या घोषणा बघा. त्यांच्या बेटांजवळून चिनी विमान गेलं की स्वतःच्या लढाऊ विमानातून काढलेला फोटो ते प्रसिद्ध करतात. स्वच्छ असतात आणि चिनी प्रचाराची रंगरंगोटी नसते.

ढगफुटी
सगळ्यांचे आभार. केजे-५०० पटलं. पण दोन शंका आहेत. एक, केजे-३००० आल्यावर केजे-५०० मागे पडत नाही का? दुसरी, कुणीतरी विचारणारच : एवढं मोठं, संथ विमान क्षेपणास्त्राला आयतं सापडणार, मग ते हवंच कशाला?

जुना_ऑपरेटर
दुसऱ्या शंकेचं उत्तर युक्रेनमध्ये आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाची ए-५० ही अवॅक्स विमानं पाडल्याचं युक्रेनने जाहीर केलं. रशियाकडे अशी विमानं मुळात मोजकी, त्यामुळे एकेक पडलं की आकाशात भोक पडतं. म्हणूनच मी केजे-५०० धरून बसलोय. ज्याच्याकडे अशी विमानं बरीच आहेत आणि कारखाना चालू आहे, तो एक मागे ठेवून दुसरं पुढे पाठवू शकतो. "आयतं सापडतं" हे खरंच आहे, त्यामुळे संख्या लागते.

केजे-३००० ची छायाचित्रं डिसेंबर २०२४ च्या अखेरीस दिसली. ते वाय-२० या चिनी वाहतूक विमानावर बांधलंय, म्हणजे पुन्हा मोठं जेट, पण यावेळी सांगाडाही घरचा. माझं मत विचाराल तर ते केजे-२००० ची राहिलेली जागा भरेल, केजे-५०० ला हटवणार नाही.

चष्मिष्ट
वांग श्याओमो यांचं नाव घ्यायला विसरू नका. रडार अभियंते, चीनमध्ये या विमानांचे जनक मानले जातात. २०१२ चा तिथला सर्वोच्च विज्ञान-तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला, मार्च २०२३ मध्ये गेले. पुढच्या रांगेतल्या काकांना विमानापेक्षा माणूस लक्षात राहतो.

मनमाड_जंक्शन
बरं, मी हरलो. पण "आपल्याकडे काय आहे" याचं उत्तर तरी माझ्या गोष्टीतूनच द्या. चीनला नाकारलं त्याच इस्रायली घराण्याचं फाल्कन रडार आपल्याला मिळालं. मार्च २००४ मध्ये तीन विमानांचा करार झाला, पहिलं २००९ मध्ये आलं. तेही इल्युशिनवरच, आणि तबकडी तशीच न फिरणारी. जोडीला डीआरडीओचं नेत्र, ब्राझीलच्या एम्ब्रायर जेटवर, २०१७ मध्ये हवाई दलाकडे आलं. त्यावर तुळईसारखा अँटेना आहे, पूर्ण वर्तुळ दिसत नाही. पुढचं नेत्र एअरबस ए-३२१ वर करायचं चाललंय.

ढगफुटी
ठरलं तर मग. कमान आणि दोन रेघा, मग तुपोलेव्ह, मोडलेला सौदा थोडक्यात, आन्हुई आणि अरक्कोणम, नंतर केजे-५०० वर निवांत. केजे-६०० ची चित्रफीत सगळ्यात शेवटी, कारण आमच्या वाचनालयाचा प्रोजेक्टर कधी रुसेल सांगता येत नाही.

जुना_ऑपरेटर
मग कमानीचं चित्र आधीच मोठ्या कागदावर काढून न्या. आणि अँटेना आणि विमान, दोघांच्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळांची बेरीज ४.१२ ने गुणायची, विमान किती किलोमीटरवरून दिसेल ते येतं. पोरांना आकडे द्या आणि त्यांच्याकडूनच करून घ्या.