पॉलिक्लिनिकमधल्या ड्युटीचे तास, सुट्टी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) : मदत हवी आहे

नमस्कार. सिंहगड रस्त्यावरच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी चार वर्षं रिसेप्शनला आहे. नाव लिहीत नाही, उद्या घरी बसायची वेळ यायची.

सकाळची ओपीडी साडेनऊ ते दीड, संध्याकाळची पाच ते साडेनऊ. कागदावर साडेआठ तास. मी राहते किरकटवाडीला. दुपारी जाऊन परत यायचं तर अर्धा वेळ ट्रॅफिकमध्येच जातो, म्हणून डबा खाऊन तिथेच बसते. बसते म्हणजे फोन घेते, अपॉइंटमेंट लिहिते, रिपोर्ट न्यायला आलेल्यांना फाइल शोधून देते. पुणेकर दुपारी झोपतात असं कोण म्हणतं? आमचे पेशंट बरोबर अडीचला फोन करतात.

रविवारीही सकाळची ओपीडी असते. रजा हवी तर बदली माणूस आपणच शोधून द्यायचा. पगार १३,००० रोख, व्हाउचरवर सही, स्लिप नाही.

आम्ही मोजून बारा माणसं. हजेरीच्या रजिस्टरला नावं नऊ. दोन मावशी आणि घरोघरी सँपल आणायला जाणारा मुलगा खालच्या मेडिकलच्या नावावर दाखवलेत, आणि मेडिकल मॅडमच्या नावावर. तो मुलगा म्हणतो, "दहावं नाव लिहिलं की सरांना ताप येतो."

सर वाईट नाहीत. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी ओळखीत कमी पैशात करून दिलं. म्हणूनच तोंड उघडवत नाही.

दुपारचे तास ड्युटीत धरता येतात का? नऊ नावांचं काय गणित आहे? कृपया जाणकारांनी सांगावं.

अजून एक. काल रात्री कचरा भरताना एका मावशींच्या बोटात सुई गेली, कुणीतरी काळ्या पिशवीत टाकली होती. हातमोजे फाटके. सिस्टरने डेटॉल लावून टीटी दिलं. मावशी म्हणतात काही होत नाही. अशा वेळी खर्च कुणी करायचा असतो?

प्रतिसाद १

ताई, शेवटचा परिच्छेद पहिला हवा होता! सुई कोणत्या पेशंटची ते माहीत नाही ना? मग मावशींना आजच ससूनला न्या. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितक्या बऱ्या. "सुई टोचली आहे, पीईपी हवं" एवढंच सांगा. सरकारी रुग्णालयात त्या गोळ्या मोफत मिळतात. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तेही तिथेच सांगा. टीटी धनुर्वातासाठी असतं, बाकी कशाला त्याचा उपयोग नाही. आणि पुढच्या वेळेसाठी सगळ्यांना सांगून ठेवा : बोट पिळायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायचं. तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, "काही होत नाही" हे वाक्य फार ऐकलंय.

प्रतिसाद २

वरच्या ताईंचं आधी करा, मग हे वाचा.

नऊचं गणित ईएसआयचं. दहा माणसं झाली की ते लागू होतं, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. तुमच्या १३,००० वर तुमचे ९७ रुपये ५० पैसे कापले जातील, मालकाचे ४२२ रुपये ५० पैसे. एवढ्यासाठी हा सगळा उद्योग! कामावर झालेली इजाही त्यातच येते, आणि बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे.

दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात डॉक्टरांचे दवाखाने स्पष्ट धरलेले आहेत. पण तासांचे नियम मुळात दहा माणसांपासून होते, २०२५ साली सरकारने तो आकडा वीसवर नेला. म्हणून तुमच्याकडे त्यावर फार भिस्त ठेवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर कचऱ्यापासून सुरुवात केली असती. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम माणसं मोजत नाहीत, एका डॉक्टरच्या दवाखान्यालाही लागू आहेत. सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात, कचरा हाताळणाऱ्यांना हातमोजे, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी, अपघाताची नोंद. हे मागताना पगाराचा विषयही काढावा लागत नाही. आणि त्या नोंदीत मावशी कुठल्या नावाने कामाला आहेत ते लिहावंच लागेल.

दरम्यान व्हाउचर, रजिस्टर, ड्युटीच्या ग्रुपवरचे मेसेज, सगळ्याचे फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. कामगार आयुक्तांकडे जायची वेळ आली तर एकटीने जाऊ नका, चार-पाच सह्या हव्यात.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. दुपारी दीडला मावशींना रिक्षात घालून ससूनला नेलं. रक्त घेतलं, गोळ्या सुरू झाल्या, २८ दिवस घ्यायच्या आहेत. लसीचा पहिला डोसही झाला. मावशी वाटेत भांडत होत्या, परत येताना गप्प होत्या.

तेवढ्या वेळात सरांचे सहा मिस्ड कॉल. संध्याकाळी विचारलं, "दुपारी कुठे होतीस? फोन कुणी घेतले नाहीत." म्हटलं, सर, दीड ते पाच सुट्टी असते ना.

कॉलच्या वेळांचे स्क्रीनशॉट बहिणीला पाठवलेत.