मुदत संपलेल्या 120 फिल्मवर ठिपके आणि आकडे उमटतायत, उरलेले रोल वाचतील का?

कोकणी_कॅमेरा: 400 आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) कृष्णधवल 120, म्हणजे कागदासोबत गुंडाळलेली रोल फिल्म, मुदत 2012 ची. फॉइल शाबूत, पण सात-आठ पावसाळे कोकणातल्या घरात कपाटात गेले, मग फ्रीजमध्ये. पहिला रोल डेव्हलप केला तर आकाशभर बारीक ठिपके आणि त्यात बॅकिंग पेपरवरचे (फिल्ममागच्या कागदावरचे) आकडे. फ्रेमबाहेरची कड मात्र स्वच्छ आहे. आठ रोल शिल्लक आहेत. डेव्हलपिंगची वेळ वाढवू का?

अंधारखोली: वेळ अजिबात वाढवू नका, कॉन्ट्रास्ट वाढला की ठिपके आणखी उठून दिसतील. कड स्वच्छ आहे म्हणजे हा फॉग (जुन्या फिल्मवर प्रकाश न पडताही चढणारा काळेपणा) नव्हे, फॉग कडेलाही चढतो. हे दमटपणाचं काम आहे. 120 च्या गुंडाळीत आतल्या वेढ्याच्या कागदाची छापील बाजू बाहेरच्या वेढ्याच्या इमल्शनला (फिल्मवरच्या प्रकाश टिपणाऱ्या जिलेटीनच्या थराला) टेकलेली असते. ओल धरून जिलेटीन फुगतं, कागदाला घट्ट बसतं आणि शाईचा ठसा इमल्शनवर उतरतो. तो धुऊन जात नाही. उरलेले रोल 200 किंवा 100 आयएसओचे समजून, म्हणजे जास्त प्रकाश देऊन एक्स्पोज करा, डेव्हलपिंग नेहमीइतकंच. निगेटिव्ह दाट आलं की ठिपके थोडे दबतात. मोकळं आकाश, पांढऱ्या भिंती टाळा; झाडी, जांभ्याचे गडगे, बाजार असले विषय घ्या, पोताखाली बरंच झाकलं जातं.

सिल्व्हर_हॅलाइड: आधी एका रोलचा बळी देऊन तपासा. चेंजिंग बॅगेत (आत उजेड न जाणाऱ्या, हात घालून काम करायच्या पिशवीत) सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे 10 सेंमीचे तुकडे कापा आणि एक्स्पोज न करताच डेव्हलप-फिक्स करा. चौथा तुकडा नुसता फिक्सरमध्ये टाका, म्हणजे तो डेव्हलप न होता पारदर्शक होईल. त्याच्यापेक्षा बाकीचे जितके काळे, तितका फॉग. फॉग जास्त निघाला तर बेन्झोट्रायझोल (फॉग दाबणारं रसायन), त्याचं 1 टक्का द्रावण लिटरभर डेव्हलपरला 10 मिली. फिल्मचा थोडा स्पीड (संवेदनशीलता) जातो. ठिपक्यांवर मात्र त्याचा उपयोग नाही.

अंधारखोली: बरोबर. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' ब्रोमाइड पेपर (फोटो छापायचे कागद) अजून कुणाकडे असतील, तर त्यांच्या फॉगवरही हाच उपाय करून बघा.

सिल्व्हर_हॅलाइड: फ्रीजमधून काढतानाही जपा. बाहेर 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 25 च्या आसपास येतो. म्हणजे रोल जवळजवळ खोलीइतका गरम होईपर्यंत त्यावर पाणी धरणारच. फॉइल न फोडता, झिप पिशवीतच दोन तास बाहेर ठेवा. फोडलेला रोल पावसाळी हवेत पिशवीत बंद करून पुन्हा फ्रीजमध्ये टाकणं सगळ्यात वाईट, आतली हवा थंड झाली की ओल फिल्मवरच बसते. ठेवायचाच असेल तर सोबत कोरडी सिलिका जेल हवी. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन-तीन तास, पुन्हा नारिंगी होईपर्यंत.