मदत हवी आहे : आईचं घोरणं, कोरडं तोंड आणि हिरड्या

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरजवळ राहतो. आई ६२ वर्षांची, मधुमेह आहे. रात्री तोंड उघडं टाकून घोरते. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, उशाशी ठेवलेला तांब्या रिकामा. ब्रशला रक्त लागतं. मिशरी सुटत नाही, तो वेगळाच वाद! दंतवैद्य म्हणाले, लाळ सुकली की दात लवकर किडतात, आणि हिरड्यांची सूज व साखर एकमेकांना वाढवतात. नाक मात्र कोणी तपासलंच नाही. आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठू की थेट झोपेची तपासणी? ती चिपळूण-रत्नागिरीकडे कुठे होते, खर्च किती? भाऊ तोंडाला पट्टी चिकटवून झोपायचे व्हिडिओ पाठवतोय, मला तर भीतीच वाटते. कुणी घरच्यांची मिशरी सोडवली असेल तर कशी, तेही सांगा.