स्कॉटिश म्हणवणारे सगळे वेगळं व्हायचं म्हणतात का?

क्लाइडकाठी (धागाकर्ता)

ग्लासगोत येऊन बरीच वर्षं झाली. घरून कुणाचाही फोन आला की "काय म्हणतंय इंग्लंड?" हे ठरलेलं. आधी दुरुस्त करायचो, आता "पाऊस पडतोय" म्हणून मोकळा होतो.

तर मुद्दा. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची गोष्ट नेहमी अस्मितेची म्हणून सांगितली जाते. किल्ट, बॅगपाइप, इंग्रजांवरचा जुना राग वगैरे. मला हे पटत नाही. २०११ च्या जनगणनेत 'फक्त स्कॉटिश' या चौकटीत खूण करणारे ६२.४ टक्के होते. १८ सप्टेंबर २०१४ ला सार्वमत झालं तेव्हा 'येस' भरले ४४.७ टक्के. म्हणजे स्वतःला निव्वळ स्कॉटिश म्हणवणाऱ्या कितीतरी जणांनी 'नो'वर फुली मारली.

आणि मत कुणाला होतं? जो इथे राहतो त्याला. राष्ट्रकुलातले नागरिक, युरोपातून आलेले, सोळा वर्षांची पोरं, सगळे. मी भारतीय पासपोर्टवर मत दिलं. माझा इथल्याच पेस्लीत जन्मलेला सहकारी नोकरीसाठी इंग्लंडात लीड्सला गेला होता, त्याला मत नव्हतं. रक्तामातीचं राजकारण असतं तर हे उलटं झालं असतं.

खरा प्रश्न निर्णय कोण घेतं हा आहे. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानात इथल्या ३२ पैकी ३२ कौन्सिल-विभागांतल्या मतदारांनी बहुमताने युरोपीय संघात राहायचं म्हटलं. तरी बाहेर पडावं लागलंच.

थेम्सकाठचा

असहमत. 'फक्त स्कॉटिश' म्हणणारे 'नो' म्हणाले, कारण ब्रिटिशपणा त्यांच्यात मुरलेला आहे. लोणच्यातलं मीठ वेगळं काढून दाखवता येत नाही, म्हणून ते नाही असं नाही.

हा ब्रिटिशपणा लंडनने लादला असंही नाही. १६०३ मध्ये गादी एक झाली ती स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनला जाऊन इंग्लंडचा राजा झाला म्हणून. साम्राज्य तर दोघांनी मिळून चालवलं. आपण सरसकट 'इंग्रज' म्हणतो त्यांच्यात बघा: पेशवाई बुडाल्यावर मुलूख लावून देणारा एल्फिन्स्टन, महाबळेश्वरच्या माल्कम पेठेतला जॉन माल्कम, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, आणि ज्याच्या कारकिर्दीत साताऱ्याचं राज्य खालसा झालं तो डलहौसी. सगळे स्कॉटिश. पंगतीत पहिल्या रांगेत बसून जेवलेल्यांनी आता आम्हाला वाढलंच नाही म्हणू नये.

नगरी तडका

+१. १८०३ ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर कंपनीच्या बाजूने ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर, म्हणजे स्कॉटिश, पलटणी होत्या. जालन्यापर्यंत येऊन लढले आणि आता वसाहतीचं दुःख सांगतात!

अवांतर: एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. एका स्कॉटिश माणसापासून आपण तरी स्वतंत्र झालो.

क्लाइडकाठी

@थेम्सकाठचा, @नगरी तडका, वसाहत हा शब्द मी वापरलाच नाही. साम्राज्यात स्कॉटिश लोकांनी हात धुऊन घेतले हे मान्य.

पण ब्रिटिशपणा दोन्हीकडून लागतो ना? एकदा तुमच्या लंडनमध्ये एका दुकानात दूध-पाव घेतला आणि स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेने छापलेली २० पौंडांची नोट दिली. तिच्यावर रॉबर्ट द ब्रूस, इंग्लंडच्या फौजेचा पराभव करणारा स्कॉटलंडचा राजा. दुकानदार गुजराती काका. त्यांनी नोट उजेडात धरली, उलटी केली, अंगठ्याने चोळली आणि विचारलं, "बीजी नथी?" पौंडच होते ते! मागे रांग ताटकळलेली. शेवटी कार्ड काढलं. पुण्यात जन्मलेला मी त्या दुकानात चांगली पाच मिनिटं कडवा स्कॉटिश होतो.

जुनी सनद

नोटेवरून आठवलं. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक करणारा १७०७ चा करार मुळात पैशाचाच होता. स्कॉटलंडने पनामाजवळ डेरिएनला स्वतःची वसाहत काढायचा घाट घातला, तो बुडाला आणि देशाचं मोठं भांडवल घेऊन बुडाला. विलीनीकरणाच्या करारात त्यांना ३,९८,०८५ पौंड भरपाईसारखे मिळाले. एडिनबऱ्याची संसद आपल्याच ठरावाने बंद पडली. बाहेर लोक दंगा करत होते.

पण त्यांनी तीन गोष्टी सोडल्या नाहीत: चर्च, कायदा, शिक्षण. फौजदारी कोर्टात 'दोषी' आणि 'निर्दोष' यांच्या जोडीला 'सिद्ध झालं नाही' हा तिसरा निकाल तिथे शतकानुशतकं चालला. त्यामुळे माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. स्कॉटिश आणि ब्रिटिश हे दोन विरोधी पक्ष नाहीत. 'राष्ट्र आमचं, राज्य सामाईक' अशी ती तडजोड होती आणि तीनशे वर्षं टिकली. आता तुटत असेल तर सामाईक राज्याने काय केलं ते तपासा. लोकांच्या मनात काय आहे ते कशाला उकरता?

आजीचा बटवा

मी एडिनबऱ्यात राहते. २०१४ ला शेजारच्या घरात खालच्या खिडकीत 'नो थँक्स' आणि वरच्या खिडकीत 'येस' अशी दोन पोस्टरं होती. खालची आजीची, ऐंशी पार. वरची नातवाची, सोळा नुकती पूर्ण. आजी प्रत्येक लग्नाला घराण्याच्या टार्टनची (चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाची) शाल घेऊन जाणार. ती मला म्हणाली, भाऊ इंग्लंडात न्यूकॅसलला आहे, मधे सरहद्द कशाला? पेन्शन कुठल्या चलनात मिळणार हीही धास्ती होती, कारण त्याच फेब्रुवारीत लंडनच्या अर्थमंत्र्यांनी, म्हणजे ऑस्बोर्न यांनी, वेगळे झालात तर पौंडात भागीदारी नाही असं बजावलं होतं. नातू म्हणाला, आजी, मला इथे अजून साठ वर्षं काढायचीत.

दोघांना अस्मिता विचारा, उत्तर एकच येईल. म्हणून माझं मत धागाकर्त्याकडे.

थेम्सकाठचा

बटव्यातली गोष्ट छान आहे, पण एका घरावरून देश ठरत नाही. एडिनबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सार्वमतानंतर पाहणी केली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांत 'येस' निम्म्याहून किंचित जास्त निघाले. इंग्लंड, वेल्स वगैरेंत जन्मून तिथे स्थायिक झालेल्यांत 'नो' सत्तरीच्या पुढे. आता सांगा, जन्म आणि ओळख यांचा काही संबंध नाही?

क्लाइडकाठी

हा मुद्दा बिनतोड आहे. 'अस्मितेचा संबंध नाही' हे मी जरा जोरातच बोललो. पारडं ती नक्की झुकवते. तरी एकटीने निकाल लावत नाही, इतकंच आता म्हणेन.

आणि ओळख जागची हलते. २०२२ च्या जनगणनेत 'फक्त स्कॉटिश' ६५.५ टक्के झाले, 'फक्त ब्रिटिश' ८.४ वरून १३.९. 'दोन्ही' म्हणणारे मात्र १८.३ वरून ८.२ वर आले. जुनी सनद म्हणतात ती तडजोड इथे विरताना दिसते. तो फॉर्म भरताना वंशाच्या रकान्यात 'इंडियन, स्कॉटिश इंडियन किंवा ब्रिटिश इंडियन' अशी एकच चौकट होती. मी खूण केली. राष्ट्रीय ओळखीपाशी पेन थांबलं. पाठीमागून मुलगी म्हणाली, "बाबा, माझं स्कॉटिश कर, दुसरं काही नको." मराठीत बोलली, पण ग्लासगोच्या हेलात.

चक्रम

२०२३ मध्ये लंडनला पंतप्रधान सुनक आणि एडिनबऱ्यात स्कॉटलंड सरकारचे प्रमुख हमझा युसुफ. ब्रिटनची फाळणी आपल्याकडचीच माणसं करणार म्हणून मी शेंगदाणे घेऊन बसलो होतो. काही झालं नाही. असो.

धागाकर्ते, एवढं रामायण झालं, पण २०१४ ला तुम्ही फुली कुठे मारली ते सांगितलंच नाहीत.

क्लाइडकाठी

'नो'वर.

कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायला थोडेच महिने राहिले होते. नवा देश निघाला तर माझी फाइल कोणाच्या टेबलावर जाणार, या विचाराने झोप उडाली होती. अस्मिता नाही, धोरण नाही, व्हिसा! २०१६ नंतर मत बदललं. पण वेस्टमिन्स्टरच्या (लंडनच्या संसदेच्या) संमतीशिवाय हॉलीरूडला (स्कॉटलंडच्या संसदेला) सार्वमत घेता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगून टाकलं, तेव्हा बदललेलं मत घेऊन घरी बसलोय.

थेम्सकाठचा

म्हणजे २०१४ ला आपण दोघे एकाच बाजूला होतो. आणि इकडे माझी बायको, जन्माने स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनची, तिला मतच नव्हतं. तिने तेव्हा काय केलं असतं हे अजून विचारायची माझी हिंमत झालेली नाही.