मदत हवी आहे: देवळालीच्या जुन्या फोटोतलं विमान पुष्पकच आहे ना?

पाथर्डी_फाटा
नमस्कार मंडळी. भद्रकालीत रद्दीत मिळालेल्या कृष्णधवल फोटोतलं विमान ओळखायचं आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीनं 'देवळाली' आणि साल लिहिलंय. शेवटचा आकडा पुसट आहे, १९६१ किंवा १९६७.

विमान अगदी बाजूनं दिसतं. पंख छतावर, त्याखाली तिरके आधारदांडे, शेपटाखाली छोटं चाक. अंगावर हवाई दलाचं गोल चिन्ह आहे, पण पुढे उभ्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर तोफखान्याचं चिन्ह. हे कसं?

मोठ्या केलेल्या प्रिंटवर माणूस ३४ मिमी, विमान नाकापासून शेपटापर्यंत १२९ मिमी भरतं. माणूस १.७० मीटर धरला तर विमान ६.४५ मीटर येतं. पुष्पक या छोट्या दोन आसनी विमानाची लांबी ६.४० मीटर. म्हणजे पुष्पकच ना?

ओझरकर
आधी चिन्हांचं. ती दोन्ही एकत्र असणं बरोबरच आहे. आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे लष्कराची स्वतःची हवाई शाखा, १ नोव्हेंबर १९८६ ला झाली. त्याआधी एअर ओपीची (तोफखान्यासाठी हवेतून टेहळणी करणारी) विमानं हवाई दलाची आणि चालवणारे अधिकारी तोफखान्याचे. देवळालीला तोफखान्याची शाळा, त्यामुळे फोटो तिथला असणंही जुळतं.

आता पंख सोडा, नाक बघा. पंख वर आणि खाली दांडे हे वर्णन पुष्पक, ब्रिटिश ऑस्टर आणि भारतात बनलेलं कृषक, या तिन्ही विमानांना लागू पडतं. इंजिनाची मांडणी मात्र लपत नाही. ऑस्टर एओपी ९ चं सिरस बॉम्बार्डियर म्हणजे एका ओळीत चार सिलिंडर, तेही उलटे टांगलेले. क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, वर राहतो, म्हणून प्रोपेलरचा मध्य नाकाच्या वरच्या भागात येतो आणि नाक अरुंद, खाली खोल दिसतं. कृषकचं कॉन्टिनेन्टल ओ-४७० सहा सिलिंडरचं, तीन-तीन समोरासमोर आडवे. असं नाक रुंद आणि चपटं, प्रोपेलरचा मध्य साधारण मधोमध. तुमच्या फोटोत काय आहे?

पाथर्डी_फाटा
मध्य मधोमध आहे, नाक चपटं. म्हणजे ऑस्टर बाद. पण पुष्पकचं इंजिनही आडव्या सिलिंडरचंच, मग तेच उरतं.

क्षितिजरेषा
थांबा, मापात चूक आहे. माणूस विमानाच्या पुढे उभा आहे म्हणजे कॅमेऱ्याला जवळ आहे, म्हणून तो मोठा आलाय. त्याच्या मापानं विमान मोजलं की ते लहानच भरणार. जुन्या फोटोंत सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण माणसं हौसेनं विमानाच्या पुढेच उभी राहतात.

सपाट जमिनीवर, सरळ धरलेल्या कॅमेऱ्यात क्षितिजाची रेघ प्रत्येक उभ्या वस्तूला सारख्याच उंचीवर कापते, कॅमेऱ्याच्या उंचीवर. म्हणून दोन मापं घ्या: माणसाच्या टाचेपासून क्षितिजापर्यंत, आणि पुढची दोन चाकं जमिनीला जिथे टेकतात त्या दोन जागांच्या मध्यबिंदूपासून क्षितिजापर्यंत. मध्यबिंदूच घ्या. जवळचं चाक घेतलंत तर पुन्हा तीच चूक. माणसाची उंची टोपी सोडून मोजा. आणि डोंगरमाथा म्हणजे क्षितिज नव्हे! आपल्याकडे फोटोत मागे डोंगर असतोच. त्याचा पायथा जिथे सपाट मैदानाला लागतो ती रेघ धरा. पायथा खूप दूर असेल तरच ती चालते.

पाथर्डी_फाटा
३४ मिमी टोपी सोडूनच होते. पायथा बराच लांब दिसतो. माणसाकडे ३० मिमी, चाकांच्या मध्याकडे २३ मिमी.

क्षितिजरेषा
१.७० × ३० ÷ ३४ = १.५० मीटर. ही कॅमेऱ्याची उंची, डोळ्यांपाशी धरलेल्या कॅमेऱ्याला शोभेशी. विमानापाशी तेच १.५० मीटर २३ मिमीत बसतात, म्हणजे मीटरला १५.३ मिमी. १२९ ÷ १५.३ = साधारण ८.४ मीटर.

कृषकची लांबी ८.४१ मीटर. २३ च्या जागी २२ किंवा २४ धरलं तरी ८.८ किंवा ८.१ येतं. पुष्पक ६.४० आणि ऑस्टर एओपी ९ सुमारे ७.२, दोन्ही लांबच राहतात. विमान थोडं तिरपं असेल तर खरी लांबी याहून जास्तच निघेल, कमी नाही.

ओझरकर
माझंही मत कृषक, नाक आणि लांबी दोन्ही जुळतात. यावरून सालही सुटतं. कृषकचा पहिला नमुना १९५९ मध्ये उडाला, पण तुकड्यांना विमानं मिळू लागली ती १९६५ पासून. तेव्हा १९६७ धरा.

शेपटाजवळचा क्रमांक वाचायचा असेल तर मूळ फोटो १२०० डीपीआयला, १६ बिट ग्रेमध्ये स्कॅन करून टिफमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवू नका, त्यात बारीक रेघा जातात. फोटो स्पष्ट करून देणारं एआय अॅप तर मुळीच नको. पुसट ३ असेल तर ते ठसठशीत ८ काढून देतं. मागचा मजकूर खिडकीच्या तिरप्या उजेडात वेगळा टिपा, पेन्सिलीचा दाब उमटलेला दिसेल.